वीस रुपये

मांडवीच्या ज्या गल्लीत रिक्षा आत शिरत नाही
तिथे अनसूया शिरधनकरच्या गच्चीवर
चार खुर्च्या, त्यातली एक डुगडुगती.
ती मी घेतली.
डिसेंबरातला शुक्रवार. खाली कुणीतरी बांगडे भाजत होतं.
हेमांगीने फोन तांदळाच्या डब्यात पुरला,
म्हणाली, वाजला तर वाजू दे, भात होईल त्याचा.

दमयंती ऑडिटर. तिने बाटली उचलली
आणि आधी लेबल वाचलं.
लेबल म्हणजे जुन्या कॅलेंडरची पाठ, निळ्या शाईत:
बोंडू. एप्रिल. वरवड्याची बाग.
खाली बारीक अक्षरांत,
बाटली परत आणावी. वीस रुपये मिळतील.

"काजूची बी तेवढी काढून घेतात,
बोंडू तसाच झाडाखाली. ढीग कुजतो.
गुरं खातात नि झिंगतात.
मी म्हटलं, गुरांनीच का?"

अनसूयाचे वडील माडावर चढायचे,
कमरेला कोयती, पाठीला मडकं,
सकाळी चौदा माड, तिन्हीसांजेला तेच चौदा.
ती चढत नाही. पडलेलं उचलते.
बाबांची मान वर दुखायची, म्हणते, माझी खाली.

चोथ्याचं काय करतेस, दमयंतीने विचारलं.
कोंबड्यांना.
पिंपं धुतलेलं पाणी?
केळीला.
आणि नफा?
अनसूयाने समुद्राकडे पाहिलं.
तो अजून मुरतोय.

पहिला घोट आंबट, मग तुरट,
मग जीभ आपल्याच तोंडात पाहुणी.
घसा धरतो गं, हेमांगी म्हणाली
आणि ग्लास पुढे केला.
दुसऱ्या घोटाला कुठूनतरी उशिराचा गोडवा आला,
निरोप घेऊन गेलेलं माणूस
छत्री विसरली म्हणून परत यावं तसा.

झुलेखा पीत नाही.
तीस वर्षांत आम्ही विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
तिच्यासमोर कोकम, तसल्याच ग्लासात.
पण तिने माझा ग्लास घेतला,
नाकाशी धरला, डोळे मिटले.

"राजिवड्याहून शाळेची वाट.
शेवटचा पेपर इतिहासाचा.
पांढऱ्या सलवारीवर बोंडूचा डाग पडला,
सोडा लावला, लिंबू लावलं, उन्हात टाकली.
गेला नाही. अम्मीने सलवार फाडून
जमिनीची फडकी केली.
पुढे कितीतरी दिवस
आम्ही त्या डागानेच घर पुसायचो."

तिने ग्लास मला परत दिला.
त्यानंतर आम्ही तिघी
प्यायच्या आधी हुंगायला लागलो,
आणि कुणालाच तसलं काही सापडलं नाही.
मला फक्त बांगडे.

शनिवारी काही केलं नाही.
जेट्टीपर्यंत गेलो, बसलो, पाय सोडले.
थिबा राजवाडा राहिला.
किल्ला लांबून पाहिला, त्यानेही आम्हाला लांबूनच.
हेमांगी दुपारी तीन तास झोपली
आणि उठून म्हणाली, आज कोणता वार?
इतकी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती.

रविवारी सकाळी बाटल्या विसळून उपड्या घातल्या.
चार घेतल्या होत्या, तीन निघाल्या.
दमयंतीने दोनदा मोजल्या. ऑडिटर ती.
अनसूयाने साठ रुपये हातावर ठेवले,
काही बोलली नाही, नुसती
गालातल्या गालात केळीला पाणी घालत राहिली.

आंबा घाटात गाडी वळणं घेत होती
आणि मी मनातल्या मनात दोघींच्या बॅगा तपासत होते.
हेमांगीची, कारण ती हळवी.
दमयंतीची, कारण ती फारच मोठ्याने मोजत होती.

मंगळवारी फोटो आला.
राजिवड्याची खिडकी, आत येणारं तिरपं ऊन,
ओट्यावर ती बाटली. रिकामी. बूच काढलेलं.
खाली झुलेखाचं एवढंच:
वीस रुपये बुडाले माझे.
दोनदा धुतली.
वास जात नाही.